ऑस्करच्या दुर्लक्षित विभागांतील विजेत्यांचा अंदाज कसा बांधावा?

प्रश्न : शेवटची रांग

आमच्या मित्रमंडळात ऑस्कर सोहळ्याच्या आधी अंदाजांची एक स्पर्धा होते. प्रत्येकाने सर्व विभागांतील संभाव्य विजेत्यांची यादी लिहून द्यायची आणि प्रत्येक अचूक अंदाजाला एक गुण मिळणार, एवढाच तिचा नियम आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या अंदाजाला जेवढा गुण, तेवढाच ध्वनीच्या किंवा ॲनिमेशन लघुपटाच्या अंदाजाला. या साध्या नियमामुळे गंमत अशी होते की ज्या विभागांवर महिनोन्महिने चर्चा झडते, त्यांचा स्पर्धेच्या निकालावर फारसा परिणामच होत नाही. अभिनय आणि दिग्दर्शनाच्या विभागांत सोहळ्यापूर्वी इतर इतके पुरस्कार वाटून झालेले असतात की बहुतेकांच्या यादीत तीच नावे असतात. स्पर्धा जिंकली किंवा हरली जाते ती संकलन, ध्वनी, रंगभूषा, वेशभूषा, कलादिग्दर्शन, दृश्य परिणाम, माहितीपट आणि लघुपटांचे तीन विभाग, एवढ्यांवर.

मी चित्रपट आवडीने पाहतो, पण तंत्रज्ञ नाही. पाच नामांकनांपैकी कोणत्या चित्रपटाचे ध्वनिमिश्रण सरस आहे, हे मला कोणी विचारले तर मी प्रामाणिकपणे गप्प बसेन. अशा वेळी त्या त्या व्यवसायातील संघटनांचे पुरस्कार पाहून अंदाज बांधावा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. परंतु संकलक, ध्वनिमिश्रक किंवा ॲनिमेशन कलावंत यांच्या संघटनांनी गौरवलेला चित्रपट ऑस्करला मागे पडल्याचेही वारंवार दिसते. मग या पुरस्कारांवर विसंबावे तरी किती? एका विभागाच्या निकालावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येईल, असे काही संबंध आहेत का? आणि ज्यांच्याविषयी सोहळ्यापूर्वी फारसे कोठे वाचायलाही मिळत नाही, त्या लघुपटांचे काय करावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद : मूव्हिओला

प्रथम मत कोण देतो ते पाहावे, कारण बहुतेक अंदाज तिथेच फसतात. ऑस्कर देणाऱ्या ॲकॅडमीचे सदस्य व्यवसायानुसार शाखांत विभागलेले आहेत. बहुतेक विभागांची नामांकने ती ती शाखा ठरवते, म्हणजे संकलनाची नामांकने संकलक ठरवतात आणि वेशभूषेची वेशभूषाकार. अंतिम फेरीत मात्र हा पडदा दूर होतो आणि सर्व शाखांचे सदस्य सर्व विभागांत मत देऊ शकतात. मतदारांची संख्या दहा हजारांच्या आसपास आहे आणि त्यांत सर्वांत मोठी शाखा नटांची आहे. ध्वनीचा पुरस्कार कोणाला मिळणार हे ठरवणाऱ्यांमध्ये ध्वनिमिश्रक अगदी थोडे असतात. नट, निर्माते, लेखक आणि प्रसिद्धीचे काम पाहणारे सदस्य यांची संख्या त्यांच्या कितीतरी पट असते. आपण तंत्रज्ञ नाही असे आपण लिहिले आहे, पण या खेळात ती उणीव नव्हे, कारण त्या विभागापुरता बहुतांश मतदारही आपल्यासारखाच असतो.

व्यावसायिक संघटनांच्या पुरस्कारांकडे या दृष्टीने पाहिले की त्यांचा उपयोग कुठवर आहे ते ध्यानात येते. त्यांच्यावरून नामांकने कोणाला मिळतील याचा अंदाज चांगला बांधता येतो, कारण तिथे मत देणारे आणि शाखेत मत देणारे पुष्कळदा एकाच वर्तुळातले असतात. विजेत्याच्या बाबतीत मात्र त्यांना बिचकतच हाताळावे. २०२४ चे ध्वनीचे उदाहरण घ्या. ध्वनिमिश्रकांच्या सिनेमा ऑडिओ सोसायटीने ‘ओपनहायमर’ला पसंती दिली होती. हा चित्रपट त्या वर्षी तेरा नामांकने घेऊन आला आणि सात पुरस्कार घेऊन गेला, तरीही ध्वनीचा पुरस्कार ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ला मिळाला. त्या चित्रपटात कॅमेरा आउशवित्झच्या छावणीच्या भिंतीला लागून असलेल्या घरात आणि बागेत राहतो; मुले खेळतात, फुलझाडांना पाणी घातले जाते, आणि भिंतीपलीकडे जे चालले आहे ते केवळ ऐकू येते. ध्वनिमिश्रणातले ओ की ठो न कळणाऱ्या मतदारालाही चित्रपटगृहातून बाहेर पडताना एवढे नक्की कळलेले असते की हा चित्रपट ध्वनीवर उभा आहे. ‘ओपनहायमर’चे मिश्रण तांत्रिक दृष्ट्या तोडीचे असेलही, पण ते संगीत, छायाचित्रण आणि संकलन यांच्यात मिसळून गेलेले आहे आणि त्याच्याकडे वेगळे बोट दाखवता येत नाही. सामान्य मतदार ज्या कामाकडे बोट दाखवू शकतो त्या कामाला मत देतो, आणि माझे बहुतेक आडाखे या एका गोष्टीवर बेतलेले असतात.

ॲनिमेशनपटांतही हेच घडले. ॲनिमेशन व्यावसायिकांच्या ॲनी पुरस्कारांत २०२४ मध्ये सर्वोच्च मान ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ला मिळाला आणि ऑस्कर ‘द बॉय अँड द हेरॉन’ला, २०२५ मध्ये ॲनी ‘द वाइल्ड रोबोट’ला आणि ऑस्कर ‘फ्लो’ या लॅटव्हियन चित्रपटाला. दोन्ही वर्षी गोल्डन ग्लोबचा निकाल मात्र ऑस्करशी जुळला होता. गोल्डन ग्लोबच्या पत्रकार मतदारांनी ॲनिमेशनची पेन्सिल कधी हाती धरलेली नसते, आणि नेमके तेच त्यांना ॲकॅडमीच्या सर्वसाधारण सदस्याच्या जवळ नेते. याच कारणासाठी मी संघटनांपेक्षा बाफ्टाला, म्हणजे ब्रिटिश ॲकॅडमीच्या चित्रपट पुरस्कारांना, अधिक महत्त्व देतो. तिथले मतदार वेगवेगळ्या व्यवसायांतले आहेत आणि त्यांपैकी काही दोन्हीकडचे सदस्य आहेत. वर उल्लेख केलेला ध्वनीचा निकाल बाफ्टाने आधीच दिला होता. २०२३ मध्ये संगीतासाठी ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ची निवडही तिथे आधी झाली होती. अर्थात तिथला कौल डोळे झाकून उचलू नये; २०२५ चा संकलनाचा बाफ्टा ‘कॉन्क्लेव्ह’ला मिळाला आणि ऑस्कर ‘अनोरा’ला.

मार्च २०२६ च्या, म्हणजे ९८ व्या सोहळ्यापासून लागू असलेले दोन बदलही ध्यानात ठेवावेत. एखाद्या विभागात अंतिम मत द्यायचे असेल तर त्या विभागातील सर्व नामांकित चित्रपट पाहिलेले असणे आता सदस्यांना बंधनकारक आहे. ॲकॅडमीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहिलेल्या चित्रपटांची नोंद आपोआप होते आणि अन्यत्र पाहिलेल्यांसाठी तसे लिहून द्यावे लागते. दुसरा बदल असा की पूर्वी काही विभागांच्या अंतिम मतपत्रिकेवर केवळ चित्रपटाचे नाव असे, तिथे आता नामांकित व्यक्तींची नावेही असतील. पहिल्या बदलामुळे लहान विभागांत मत देणाऱ्यांची संख्या घटेल आणि उरलेले मतदार त्या विभागात खरोखर रस असलेले असतील, असा माझा तर्क आहे. तसे झाले तर संघटनांच्या पुरस्कारांचे वजन पुन्हा थोडे वाढेल. दुसऱ्या बदलाचा फायदा अनेकदा नामांकन मिळूनही रिक्त हस्ते परतलेल्या नामवंतांना व्हावा.

प्रतिसाद : ताळेबंद

मूव्हिओला यांचे विवेचन पटले. विभागांमधल्या संबंधांविषयी विचारले आहे म्हणून लिहिते. मी अनेक वर्षे निकालांची टिपणे ठेवते. या टिपणांचा उपयोग होतो, परंतु एखादा योगायोग सलग चार-पाच वर्षे टिकला की त्याला नियमाचे रूप येते, हा धोका नेहमी असतो. त्यामुळे जिथे संबंधाचे कारण सांगता येते, तेवढेच संबंध मी मानते.

सर्वांत भरवशाचा संबंध रंगभूषा-केशभूषा आणि मुख्य भूमिकेचा अभिनय यांच्यात आहे. २०१८ पासून २०२५ पर्यंतचे विजेते पाहा : ‘डार्केस्ट अवर’, ‘व्हाइस’, ‘बॉम्बशेल’, ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’, ‘द आइज ऑफ टॅमी फे’, ‘द व्हेल’, ‘पुअर थिंग्ज’ आणि ‘द सबस्टन्स’. सलग आठ वर्षे रंगभूषेचा पुरस्कार अशाच चित्रपटाला मिळाला आहे, ज्याच्या मुख्य भूमिकेतील नट किंवा नटी अभिनयासाठी नामांकित होती. आठांपैकी चार वेळा, म्हणजे गॅरी ओल्डमन, जेसिका चॅस्टेन, ब्रेंडन फ्रेझर आणि एमा स्टोन यांच्या बाबतीत, अभिनयाचा पुरस्कारही त्याच चित्रपटाला मिळाला. कारण उघड आहे. सर्वांत मोठी शाखा नटांची, आणि ज्या रंगभूषेने एका नटाला ओळखू न येण्याइतके बदलून टाकले, ती रंगभूषा नटाला आपल्या कलेचा भाग वाटते. त्याआधी, २०१७ मध्ये, अभिनयाचे एकही नामांकन नसलेल्या ‘सुइसाइड स्क्वाड’ने हा पुरस्कार नेला होता, ज्या समीक्षकांनी त्या चित्रपटाची चिरफाड केली होती त्यांना आजतागायत त्याचा उल्लेख ‘ऑस्करविजेता’ असा करावा लागतो. या विभागात केवळ राक्षस आणि परग्रहवासी घडवणाऱ्या चित्रपटावर गुण लावण्यापूर्वी त्या राक्षसाला अभिनयाचे नामांकन आहे का, एवढे पाहून घ्यावे.

दुसरा संबंध संकलन आणि ध्वनीचा, आणि त्याची कथा अधिक रंजक आहे. २०१४ मधल्या ‘ग्रॅव्हिटी’पासून २०२२ मधल्या ‘ड्यून’पर्यंत सलग नऊ वर्षे संकलनाचा पुरस्कार मिळवणाऱ्या चित्रपटाला ध्वनीचा किमान एक पुरस्कार मिळालेला आहे. ‘व्हिप्लॅश’, ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’, ‘हॅक्सॉ रिज’, ‘डंकर्क’, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ आणि ‘साउंड ऑफ मेटल’ हे मधले विजेते. सामान्य मतदाराला वेगवान, आवाजी चित्रपटातील संकलन आणि ध्वनी ही एकच गोष्ट वाटते, हे त्याचे स्पष्टीकरण. परंतु २०२३ पासून ही साखळी तुटली. त्या वर्षी संकलन ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स’ला आणि ध्वनी ‘टॉप गन : मॅव्हरिक’ला मिळाला. २०२४ मध्ये ‘ओपनहायमर’ आणि ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’, तर २०२५ मध्ये ‘अनोरा’ आणि ‘ड्यून : पार्ट टू’ अशी विभागणी झाली.

आता हीच यादी दुसऱ्या बाजूने तपासा. त्या नऊ वर्षांत संकलनाचा एकही विजेता सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला नाही, आणि नंतरच्या तिन्ही वर्षी संकलनाचा विजेता हाच सर्वोत्कृष्ट चित्रपट आहे. म्हणजे संकलनाने ध्वनीची संगत सोडून सर्वोत्कृष्ट चित्रपटाची धरली. तीन वर्षे हा काही मोठा नमुना नव्हे हे मान्य, तरी ज्यांच्या यादीत अजूनही संकलन आणि ध्वनी डोळे मिटून एकत्र बांधलेले असतात, त्यांचे गुण याच ठिकाणी जातात.

वेशभूषा आणि कलादिग्दर्शन यांचा संबंध अर्धाच आहे. २०१४ ते २०२५ या बारा सोहळ्यांपैकी सहा वेळा दोन्ही पुरस्कार एकाच चित्रपटाला मिळाले : ‘द ग्रेट गॅट्सबी’, ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’, ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’, ‘ब्लॅक पँथर’, ‘पुअर थिंग्ज’ आणि ‘विकेड’. एकत्र जातात तेव्हा तो चित्रपट पहिल्या चौकटीपासून स्वतःचे निराळे जग उभे करणारा असतो. वेगळे जातात तेव्हा वेशभूषेचा पुरस्कार काही वेळा अशा चित्रपटाला मिळतो, ज्याच्या कथेतच शिवणकाम आहे. ‘फँटम थ्रेड’चा नायक उंची कपडे शिवणारा आहे आणि ‘क्रुएला’ची नायिका फॅशनच्या धंद्यातली. समकालीन, रोजच्या वापरातल्या कपड्यांना मात्र इथे जवळजवळ थारा नाही, मग त्यांची निवड कितीही विचारपूर्वक केलेली असो. आपल्या भानू अथय्यांचा १९८३ चा पुरस्कारही या चौकटीत बसतो. ‘गांधी’ने त्या रात्री आठ ऑस्कर मिळवले होते आणि वेशभूषेचा पुरस्कार अथय्या आणि जॉन मोलो यांना मिळून देण्यात आला. पंच्याची साधी घडी आणि ब्रिटिश दरबारी पोशाख एकाच चित्रपटात, तेही अर्ध्या शतकाहून मोठ्या कालखंडात विखुरलेले. मतदाराच्या नजरेतून ते काम सुटण्यासारखे नव्हतेच. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती अशा ‘दुर्लक्षित’ विभागातून पुढे आली, हेही जाता जाता नोंदवते.

दृश्य परिणामांविषयी थोडक्यात. नामांकित पाचांत सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नामांकन मिळालेला एखादाच चित्रपट असेल तर तोच लिहावा. ‘ग्रॅव्हिटी’ आणि ‘ड्यून’ ही त्याची उदाहरणे. सुपरहिरोंच्या चित्रपटांच्या मागे २०२५ पर्यंत तरी जाण्यात अर्थ नव्हता, कारण २००५ मध्ये ‘स्पायडर-मॅन २’ जिंकल्यानंतर त्यांच्यापैकी कोणालाही हा पुरस्कार मिळालेला नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा एकही उमेदवार नसेल तर मैदान मोकळे होते. २०२४ मध्ये तसेच झाले आणि अतिशय लहान चमूने, हॉलिवुडच्या मानाने किरकोळ खर्चात केलेला जपानी ‘गॉडझिला मायनस वन’ जिंकला. २०१६ मध्ये ‘एक्स मकिना’ने मात्र सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे तीन उमेदवार समोर असताना बाजी मारली, तेव्हा हा आडाखाही अभेद्य नाही.

प्रतिसाद : मूव्हिओला

ताळेबंद यांच्या संकलन-ध्वनीच्या निरीक्षणाला एक दुरुस्तीवजा पुरवणी. २०२० च्या सोहळ्यापर्यंत ध्वनीचे दोन पुरस्कार होते, एक ध्वनिमिश्रणाचा आणि एक ध्वनिसंकलनाचा. २०२१ पासून ते एक झाले. त्यामुळे नऊ वर्षांपैकी सात वर्षे संकलनाच्या विजेत्याला ध्वनीत शिरण्यासाठी दोन दारे उघडी होती. ‘व्हिप्लॅश’, ‘हॅक्सॉ रिज’ आणि ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ यांना दोहोंपैकी एकच मिळाला होता. ती तीन वर्षे आजच्या नियमांत कशी लागली असती हे सांगता येणार नाही, पण साखळी दिसते तेवढी भक्कम कधीच नव्हती. संकलनाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाची संगत धरली, हे निरीक्षण मात्र मला मोलाचे वाटते. ‘अनोरा’च्या वेळी शॉन बेकर यांनी एकाच चित्रपटासाठी निर्माता, दिग्दर्शक, लेखक आणि संकलक असे चार पुरस्कार घेतले; तिथे मतदाराने संकलनाचा वेगळा विचार केला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : शेवटची रांग

दोघांचेही आभार. रंगभूषेचे निरीक्षण माझ्यासाठी नवीन आहे आणि संकलनाबाबत माझ्या यादीत आमूलाग्र बदल करावा लागेल. लघुपटांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. तीन विभाग म्हणजे तीन गुण, आणि आमच्याकडे बहुतेक जण तिथे नाव आवडले म्हणून खूण करतात. तसेच नव्याने सुरू झालेल्या पात्रनिवडीच्या (कास्टिंगच्या) विभागाविषयीही कोणी लिहिले तर बरे होईल. त्याला तर फारसा इतिहासच नाही.

प्रतिसाद : सतरा मिनिटे

लघुपटांच्या बाबतीत पहिली सूचना अशी की ते पाहावेत. हे उत्तर फारच बाळबोध वाटेल, पण ऑस्करच्या नियमानुसार लघुपट श्रेयनामावलीसह चाळीस मिनिटांच्या आत असावा लागतो आणि पुष्कळसे त्याहून बरेच लहान असतात. ‘न्यूयॉर्कर’ आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आपापल्या संकेतस्थळांवर असे लघुपट विनामूल्य दाखवतात आणि काही नेटफ्लिक्सवर असतात. एखाद्या विभागातील पाचही लघुपट पाहायला एका संध्याकाळपेक्षा अधिक वेळ लागत नाही. स्पर्धेत इतर कोणी ते पाहिलेले नसतात, एवढ्यानेच आपण पुढे असता.

पाहताना काय शोधावे, हा पुढचा प्रश्न. लघुमाहितीपट आणि दीर्घ माहितीपट या दोन विभागांत मतदार अगदी वेगळ्या मनःस्थितीत असतो असे मला दिसते. दीर्घ विभागात २०२३ ते २०२५ चे विजेते ‘नवाल्नी’, ‘२० डेज इन मारियुपोल’ आणि ‘नो अदर लँड’ आहेत. विषप्रयोग, वेढा पडलेले शहर आणि पाडली जाणारी गावे. यांपैकी शेवटच्या माहितीपटाला तर पुरस्कार मिळाला तेव्हा अमेरिकेत वितरकही नव्हता. याच्या उलट लघुविभागात २०२२ ते २०२५ चे विजेते पाहा. ‘द क्वीन ऑफ बास्केटबॉल’ ही लुसिया हॅरिस या खेळाडूची कथा, ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ ही मुदुमलाईत अनाथ हत्तीचे पिल्लू वाढवणाऱ्या बोम्मन आणि बेल्ली या दांपत्याची, ‘द लास्ट रिपेअर शॉप’ ही शाळकरी मुलांची वाद्ये दुरुस्त करणाऱ्या कारागिरांची, आणि ‘द ओन्ली गर्ल इन द ऑर्केस्ट्रा’ ही न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमधील डबल बासवादक ओरिन ओब्रायन यांची. चारही वेळा एखाद्या व्यक्तीवर किंवा कामावर जीव लावणारी, पाहणाऱ्याला हुरूप देणारी फिल्म निवडली गेली. पाचांपैकी चार लघुपट मन विषण्ण करणारे असतील आणि एकच उभारी देणारा असेल, तर मी त्या एकावर गुण लावतो.

कथात्मक लघुपटांत ओळखीच्या नावाचा मोह पडतो. २०२४ मध्ये वेस अँडरसन ‘द वंडरफुल स्टोरी ऑफ हेन्री शुगर’साठी आणि २०२२ मध्ये रिझ अहमद ‘द लाँग गुडबाय’साठी जिंकले, ॲनिमेशनमध्ये २०१८ ला कोबी ब्रायंट यांच्या ‘डिअर बास्केटबॉल’ला पुरस्कार मिळाला, त्यामुळे हा मोह अगदीच निराधार नाही. मात्र ते नाव लघुपटाच्या आत असावे लागते. ‘अनुजा’मागे २०२५ मध्ये प्रियांका चोप्रा आणि मिंडी केलिंग यांची नावे निर्मितीच्या बाजूला होती, नेटफ्लिक्सचे पाठबळ होते आणि आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी पुरस्कार जवळपास देऊनही टाकला होता, जिंकला ‘आय अ‍ॅम नॉट अ रोबोट’ हा डच लघुपट. त्याची कल्पना एका वाक्यात सांगता येते : संगणकाने विचारलेली ‘तुम्ही यंत्रमानव नाही ना’ ही चाचणी एका बाईला वारंवार उत्तीर्ण होता येत नाही. पाच लघुपट लागोपाठ पाहिलेल्या मतदाराला दुसऱ्या दिवशी जो आठवतो, तो बहुधा असा एका वाक्यात सांगता येणारा असतो. नामांकनाच्या टप्प्यावर तर शाखेतले लोक मोठ्या नावाला नेहमीच बधतात असे नाही. २०२४ मध्ये पेद्रो अल्मोदोवार यांचा लघुपट अंतिम पाचांतही आला नाही.

ॲनिमेशन लघुपटांत पिक्सारचे नाव दिसले की खूण करायची, ही सवय सोडावी. ‘पायपर’ला २०१७ मध्ये आणि ‘बाओ’ला २०१९ मध्ये पुरस्कार मिळाला हे खरे, पण त्यांच्या मधल्या वर्षी ‘लू’ आणि नंतर २०२१ मध्ये ‘बरो’ पराभूत झाले. बाफ्टाचा आधार इथे अर्धवट आहे, कारण तिथले लघुपटांचे पुरस्कार ब्रिटिश लघुपटांपुरतेच आहेत. एखादा लघुपट दोन्ही यादीत असेल तर मात्र त्याकडे लक्ष द्यावे : २०२३ मध्ये ‘अ‍ॅन आयरिश गुडबाय’ आणि ‘द बॉय, द मोल, द फॉक्स अँड द हॉर्स’ या दोघांनीही दोन्हीकडे बाजी मारली. २०२५ मध्ये ‘वाँडर टू वंडर’ने बाफ्टा मिळवला आणि ऑस्कर ‘इन द शॅडो ऑफ द सायप्रस’ या इराणी लघुपटाकडे गेला.

प्रतिसाद : ताळेबंद

पात्रनिवडीविषयी : ऑस्करला फारसा इतिहास नसला तरी बाफ्टाला आहे, तिथे हा पुरस्कार २०२० पासून दिला जातो. २०२२ ते २०२५ चे तिथले विजेते ‘वेस्ट साइड स्टोरी’, ‘एल्व्हिस’, ‘द होल्डओव्हर्स’ आणि ‘अनोरा’ आहेत, आणि हे चारही चित्रपट ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपट विभागात नामांकित होते. चौघांतही प्रेक्षकाला फारसा परिचित नसलेला किमान एक चेहरा महत्त्वाच्या भूमिकेत चमकला होता. नामांकित पाचांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे उमेदवार कोणते आणि त्यांत नव्या चेहऱ्याचा बोलबाला कोणाचा झाला, एवढे दोन प्रश्न पहिल्या एक-दोन वर्षांसाठी पुरेसे आहेत.

प्रतिसाद : बाकावरचा

वरील सर्व मार्गदर्शन विजेता कोण होईल याविषयीचे आहे. स्पर्धा जिंकण्याचा प्रश्न थोडा निराळा आहे, त्यावर कोणी लिहिलेले दिसले नाही म्हणून लिहितो.

सर्वांनी आपापल्या दृष्टीने सर्वांत संभाव्य नाव लिहिले तर पुढे जाण्याची संधी फक्त त्याच विभागांत असते, जिथे आपली यादी इतरांपेक्षा वेगळी आहे. स्पर्धक चार-पाचच असतील तर वेगळेपणाचा हव्यास नको. शांतपणे सर्वांत संभाव्य नावे लिहावीत, इतर जण आपण होऊन चुकतात. स्पर्धक पुष्कळ असतील तर मात्र दोन-तीन विभागांत जाणीवपूर्वक दुसऱ्या क्रमांकाच्या नावावर जावे, कारण तेवढ्या लोकांत कोणीतरी सर्व ठोकळ अंदाज बरोबर आणणारच असतो आणि आपण त्याच्यासारखीच यादी दिली तर फार तर बरोबरी होईल.

हे दोन-तीन विभाग निवडताना लोक नेमके उलटे करतात. ते मोठ्या विभागात धाडस दाखवतात, म्हणजे दिग्दर्शनात किंवा अभिनयात, जिथे पहिल्या आणि दुसऱ्या उमेदवारात मोठी दरी असते. धाडस तिथे करावे जिथे ही दरी अरुंद आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या विभागात पसंतीक्रमाने मतदान होते, पण इतरत्र ज्याला सर्वाधिक मते तो विजेता, एवढाच हिशेब आहे. पाच उमेदवारांत मते फुटली तर वीस टक्क्यांहून थोड्या अधिक मतांवरही विजय मिळू शकतो. अशा विभागात पहिल्या उमेदवाराची शक्यता चाळीस टक्के आणि दुसऱ्याची तीस टक्के असे आपल्याला वाटत असेल, आणि आपल्या गटातील दहापैकी नऊ जण पहिल्याचे नाव लिहिणार असतील, तर दुसऱ्याचे नाव लिहिणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो. गोल्ड डर्बीसारख्या संकेतस्थळावर शेकडो लोकांचे एकत्रित अंदाज पाहायला मिळतात. तिथून विजेता उचलण्यापेक्षा आपले मित्र काय लिहिणार आहेत हे ताडण्यासाठी मी ते वाचतो.

एकाच चित्रपटावर सगळी भिस्त ठेवण्याचा मोहही टाळावा. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेल्या ‘पॅरासाइट’, ‘नोमॅडलँड’ आणि ‘कोडा’ यांना तांत्रिक विभागांत काहीही मिळाले नव्हते. ज्या चित्रपटाची लाट आली आहे असे वाटते त्याला संकलन द्यावे, हे ताळेबंद यांच्या टिपणांशी जुळते. परंतु वेशभूषा, रंगभूषा आणि ध्वनी त्याच्याच पदरात टाकण्यापूर्वी त्या कामाकडे बोट दाखवता येते का, ही मूव्हिओला यांची कसोटी लावून पाहावी. आणि आपली यादी शेवटच्या दिवसापर्यंत द्यायची मुभा असेल, तर बाफ्टाचे निकाल लागेपर्यंत ती कोणालाही दाखवू नये.